पूर्व भागाच्या कडेला घर घ्यावे की नाही?

प्रश्न: दिवाणजीपुत्र

नमस्कार. मी नोकरीनिमित्त गेली बारा वर्षे पुण्यात आहे. आईवडील सोलापुरात, साखर पेठेतल्या वडिलोपार्जित घरात राहतात. चुलत्यांशी वाटणी होऊन ते घर विकायचे ठरले आहे आणि येत्या मार्चअखेर आम्हाला ते रिकामे करून द्यायचे आहे. वडील ७१ वर्षांचे आहेत, आई ६६ वर्षांची. वडिलांनी सगळी हयात एका चादर कारखान्यात दिवाणजी म्हणून काढली. आई घरात तेलुगू बोलते, आणि तिचे देऊळ, तिच्या मैत्रिणी, तिचा डॉक्टर हे सारे तिला चालत गाठता येईल इतक्या अंतरावर आहे.

अशोक चौकाच्या पलीकडे, सोलापूरच्या पूर्व भागाच्या, म्हणजे यंत्रमागांच्या जुन्या वस्तीच्या, अगदी कडेला एक जुना फ्लॅट पाहिला आहे. इमारत २००४ची, एकूण बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. आम्ही पाहिलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर असून त्याचे चटईक्षेत्र सुमारे ७२० चौरस फूट आहे. मालक २७ लाख सांगतात. एवढ्याच आकाराच्या घराला जुळे सोलापूर या नव्या वस्तीत आम्हाला ४० लाखांच्या खाली कोणी दारात उभे केले नाही.

अडचण घराची नाही, गल्लीची आहे. माझ्या लहानपणी त्या गल्लीत नऊ कारखाने होते. मागच्या शनिवारी मोजले तेव्हा तीन चालू होते. दोन शटरांवर बँकेच्या ताब्याच्या नोटिसा चिकटवलेल्या होत्या. इमारतीला लागून असलेल्या शेडचे पत्रे कोणी तरी काढून नेले आहेत, आणि त्याच्यापुढच्या कारखान्यात जुने माग सुटे करून भंगाराच्या टेम्पोत चढवण्याचे काम चालले होते. गटाराच्या कडेला जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबलचक पट्टी पडली होती. माझ्या मुलीने ती उचलली आणि ही कसली तिकिटे आहेत म्हणून विचारले.

एजंटाचे म्हणणे असे की, सोलापूरची विमानसेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली आहे, तेव्हा दोनचार वर्षांत याच घराचे दुप्पट होतील. पत्नीचे म्हणणे असे की, जे घर तेरा लाखांनी स्वस्त मिळते ते कशामुळे स्वस्त आहे हे आधी शोधून काढावे. आईला घर पसंत आहे. वडील घर पाहून आले, चहा घेतला आणि काहीच बोलले नाहीत.

उतरत्या वस्तीच्या कडेला घर घेण्याचा निर्णय ज्यांनी घेतला किंवा टाळला आहे, त्यांनी तो कशाच्या आधारावर घेतला हे कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त शाखाधिकारी

आपण एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत असे मला वाटते. आईवडिलांनी राहायचे कुठे हा पहिला, आणि २७ लाख रुपये गुंतवायचे कशात हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्या आईंनी दिलेलेच आहे. दुसऱ्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: हे घर उद्या विकता येणार नाही असे गृहीत धरून जेवढी रक्कम अडकवून ठेवायची आपली तयारी असेल, तेवढीच त्याची आपल्यापुरती किंमत समजावी. विमानतळ होटगी रस्त्यावर आहे. त्याने भाव चढायचे झालेच तर आधी तिकडचे चढतील.

मी तीन दशके कर्ज विभागात काढली आणि त्यातला बराच काळ यंत्रमागाच्या गावांत गेला, म्हणून कागदांविषयी थोडे लांबण लावतो.

भाव उतरलेल्या वस्तीत खरेदीदाराला हमखास चटका बसतो तो रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मिळकतींच्या दरपत्रकाचा. बाजारभाव खाली येतो, पण सरकारी मूल्यांकन त्याच वेगाने खाली येत नाही. मुद्रांक शुल्क हे करारातली रक्कम आणि सरकारी मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर भरावे लागते, हे बहुतेकांना माहीत असते. प्राप्तिकराचे मात्र फार थोड्यांना माहीत असते. समजा, आपण २७ लाखांना घर घेतले आणि सरकारी मूल्य ३१ लाख निघाले, तर फरक ४ लाखांचा होतो. हा फरक ५० हजार आणि खरेदी किमतीचे १० टक्के, म्हणजे इथे २ लाख ७० हजार, या दोहोंतील मोठ्या आकड्याहून जास्त असल्यामुळे अख्खे ४ लाख आपल्या त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवले जातात आणि त्यावर आपल्या दराने कर बसतो. सरकारी मूल्य वाजवी नाही असा आक्षेप घेऊन मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते, परंतु ती वाट वेळखाऊ आहे. म्हणून बयाणा देण्याआधी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून, इमारतीच्या वयाची घट वजा करून, नेमके मूल्य काढून घ्यावे. जाता जाता सांगतो, घर एकट्या आईंच्या नावे घेतल्यास महिला खरेदीदार म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

कर्जाची गरज नसली तरी बँकेत अर्ज करून पाहावा. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, पण ती कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. बँक कराराची रक्कम आणि तिच्या मूल्यांककाची रक्कम यांतली कमी असेल ती धरते. मूल्यांकक इमारतीचे उरलेले आयुष्य लिहितो आणि कर्जाची मुदत त्या आयुष्यात बसावी लागते. ज्या शटरांवर आपण नोटिसा पाहिल्या त्या मिळकती उद्या लिलावात पडत्या भावाने गेल्या, तर तेही नोंदणीकृत व्यवहारच असतात आणि पुढच्या मूल्यांककाच्या हाती तेच आकडे पडतात. दोन बँकांनी या इमारतीला कर्ज नाकारले, तर उद्या आपल्यालाही रोख पैसे मोजणाराच गिऱ्हाईक शोधावा लागेल, हे त्यातून आजच कळेल.

राहिला जमिनीचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. इमारत कारखान्याच्या शेडला लागून आहे असे आपण लिहिले आहे. अशा जागी पुष्कळदा मूळ भूखंड एकाच कारखानदाराचा असतो. अर्ध्या भागावर माग राहतात आणि उरलेल्या अर्ध्यावर तो बिल्डरकडून इमारत बांधून घेतो. फ्लॅटधारकांना आपापली खरेदीखते मिळतात, पण जमिनीचे अभिहस्तांतरण होतच नाही, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे होत नाही, आणि मूळ मालकाने धंद्याच्या कर्जासाठी (कॅश क्रेडिट) सगळा भूखंड तारण ठेवलेला असला तर त्याचा बोजा त्या जमिनीवर तसाच राहतो. प्रॉपर्टी कार्डावरील इतर हक्कांचा रकाना पाहावा, मागच्या तीस वर्षांचा इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या सूचीचा, शोध वकिलाकडून घ्यावा आणि तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सेरसायमध्येही शोध घ्यावा. भूखंड गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीविना गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेला, असल्यास तो नियमित झाल्याचा आदेश स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. २००१चा गुंठेवारी अधिनियम २०२१ मध्ये दुरुस्त होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणे नियमित होण्याची सोय झाली आहे खरी, पण 'होऊन जाईल हो' या शब्दांवर पैसे मोजू नयेत. बांधकामाचा भोगवटा दाखलाही सोबत मागावा.

उत्तर: खाली माग वर घर

'उतरती वस्ती' हे शब्द वाचून आधी थोडा राग आला, कारण मी त्याच वस्तीत जन्मलो आणि अजून तिथेच राहतो. आमच्याकडे खाली बारा माग होते आणि वर घर. २०१९ मध्ये आठ माग विकले. उरलेल्या चारांवर टॉवेल निघतो. सुताचे भाव, विजेचे बिल ही कारणे सगळ्यांना पाठ आहेत, पण खरी रड कामगारांची आहे. मागावर उभा राहणारा तिशीच्या आतला माणूस आता मिळत नाही, आणि खरे सांगायचे तर माझा स्वतःचा मुलगाही हैदराबादला संगणकावर काम करतो.

तरीही, गल्ली रिकामी दिसते म्हणून ती बुडाली असा हिशेब करण्याआधी कोण गेले आणि कुठे गेले हे विचारावे. मालकमंडळी आधी गेली, होटगी रोडला आणि जुळे सोलापुरात. त्यानंतर भाड्याच्या एका खोलीत सहा माणसे राहणारी कामगार कुटुंबे हळूहळू हलली. कुंभारीत २००६ मध्ये विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि तिथल्याच रे नगरमधल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. आमच्या आळीतली चार भाडेकरू कुटुंबे स्वतःच्या घराची किल्ली हातात घेऊन तिकडे गेली. त्यांच्या सोडलेल्या खोल्यांना कुलपे आहेत हे खरे, पण ती कुलपे पाहून मला वाईट वाटत नाही. किराणा दुकानदाराला मात्र वाटते, आणि त्याचेही बरोबर आहे, कारण आमच्या कोपऱ्यावरचे पहाटे पाचला उघडणारे दुकान आता आठला उघडते. पहाटेच्या पाळीला जाणारे गिऱ्हाईकच उरले नाही.

भीतीचे म्हणाल तर रात्री दहाला आमच्या बायका लग्नाहून पायी घरी येतात. चोरीमारीची तक्रार माझ्या कानावर तरी इतर भागांहून जास्त येत नाही. मला भीती वाटते ती बंद शेडचे पुढे काय होणार याची. माग गेले की शेड भाड्याने जाते, आणि ती कोणाला जाते यावर शेजाऱ्याचे नशीब ठरते. मंडपवाल्याला गेली तर ठीक. चिंध्या, प्लॅस्टिक किंवा सुताचे गोदाम झाले तर खिडकीखाली पेटते साहित्य येऊन बसते. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि मालकाच्या कुटुंबासह ८ जणांचा जीव गेला. त्यानंतर मी आमच्या मागच्या खिडकीचे लोखंडी ग्रिल कापून त्याला बिजागऱ्या लावून घेतल्या. तुम्ही पाहिलेल्या इमारतीच्या गल्लीत अग्निशमनाचा बंब वळतो का, आणि जिना अडला तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे मोजपट्टी घेऊन पाहा.

गिरण्यांच्या जागांकडे बोट दाखवून 'इथेही एक दिवस टॉवर होतील' असे कोणी सांगितले, तर त्याला सालांचा हिशेब विचारा. जुनी मिल १९६०च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू १९९०च्या दशकात. एवढ्या मोठ्या, सलग जागांना कूस बदलायला इतकी वर्षे लागली असतील, तर चारचार भावांच्या नावावर असलेल्या आमच्या शेडना किती लागतील? आपले वडील त्याची वाट पाहणार नाहीत, मीही पाहणार नाही.

आणखी एक सांगतो. नारळी पौर्णिमेला, मार्कंडेयाच्या रथोत्सवाच्या दिवशी, इकडे घर पाहायला येऊ नका. त्या दिवशी कोणालाही पूर्व भागात घर घ्यावेसे वाटेल. भर उन्हाळ्यात, पाणी येण्याच्या आदल्या दिवशी या.

उत्तर: काळी माती

मी स्थापत्य अभियंता आहे. वस्तीबद्दल वर पुरेसे लिहिले गेले आहे, म्हणून फक्त इमारतीबद्दल लिहितो.

शेजारच्या शेडचे पत्रे काढले आहेत हे वाक्य मी दोनदा वाचले. आपल्याकडे बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. छप्पर असताना शेडच्या जमिनीत पाणी मुरत नव्हते. आता पावसाळाभर तिथे डबके साचणार आणि ते पाणी तुमच्या इमारतीच्या जोत्याखाली जाणार. पाया मुरमापर्यंत नेलेला असेल तर फारसे बिघडत नाही. नेलेला नसेल, तर तळमजल्याच्या भिंतींवर जिन्यासारखी, पायरीपायरीने चढत जाणारी तिरकी भेग दिसू लागते. त्या बाजूच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाऊन कपाटामागची भिंत पाहा. नवा रंग फक्त तेवढ्याच भिंतीला दिलेला असेल तर अधिकच निरखून पाहा. भेग सापडलीच तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरमध्ये बसवून ठेवावी. दोन-तीन महिन्यांत काच तडकली तर भेग अजून हलते आहे असे समजावे.

इमारत तीस वर्षांची झाली की संरचनात्मक तपासणी कायद्यानेच करावी लागते. ही इमारत २०३४ मध्ये त्या वयाला पोहोचेल. तेव्हा खर्चाची वर्गणी द्यायला बारापैकी किती फ्लॅटमध्ये माणसे असतील, हा प्रश्न मला सिमेंटच्या प्रतीपेक्षा मोठा वाटतो. त्याचे उत्तर जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत मिळते. किती मीटर चालू आहेत, किती काढून नेले आहेत, ते मोजा.

पाण्याचाही हिशेब करून घ्या. माणशी १३५ लिटर हे शहरी मान धरले, घरात चार माणसे, बारा घरे, आणि पाणी चार दिवसांआड येते असे मानले, तर एका खेपेत २५ हजार ९२० लिटर साठायला हवे. हौदाची लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा, म्हणजे लिटर मिळतील. बोअर असल्यास ती उन्हाळ्यात किती वेळ चालते हे एजंटाला नव्हे, तळमजल्यावरच्या बाईंना विचारा.

उत्तर: माहेर कन्ना चौक

सर्वांनी घर तपासायला सांगितले आहे. मी माणसांबद्दल लिहिते. आम्ही सहा वर्षांपूर्वी सासूबाईंना पूर्व भागातून जुळे सोलापुरात आणले. लिफ्टची इमारत आहे, खाली बाग आहे, हवा मोकळी आहे. पहिले वर्षभर त्या रोज सकाळी साडेनऊला रिक्षा करून कन्ना चौकात भाजी आणायला जात असत. तीस रुपयांच्या मेथीसाठी रिक्षाला किती मोडतात म्हणून आमच्या घरात बराच वाद झाला. भाजी हे निमित्त आहे, त्या बोलायला जातात, हे मला फार उशिरा कळले.

असे असूनही मी तुम्हाला हा फ्लॅट घ्या असे सांगणार नाही, कारण दुसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही. आज ७१ आणि ६६ वयाला छत्तीस पायऱ्या जमतात. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली की आईंचे देऊळ आणि मैत्रिणी खाली राहतील आणि त्या वर. ज्या कारणासाठी तुम्ही तो भाग निवडता आहात तेच कारण त्या दिवशी उरणार नाही. शिवाय जुने घर विकायला आम्हाला चौदा महिने लागले, आणि ते तळमजल्याचे होते.

विकत घेण्याची घाई कशासाठी आहे हे तुमच्या प्रश्नातून मला समजले नाही. मार्चअखेर घर सोडायचे आहे, घ्यायचे आहे असे कुठे आहे? त्याच भागात भाड्याने राहता येईल. आपल्याकडे भाड्याचे घर म्हटले की आईवडिलांना कमीपणा वाटतो, मुलाला त्याहून जास्त वाटतो. तसे असेल तर ते स्वतःशी कबूल करून मग निर्णय घ्यावा.

दिवाणजीपुत्र

सर्वांचे मनापासून आभार. मागचे तीन शनिवार-रविवार सोलापुरात काढले. जे हाती लागले ते इथे लिहिणे मला कर्तव्य वाटते.

मीटरच्या पेटीत बारा जागा आहेत. तीन मीटर काढून नेलेले आहेत, दोन मीटरांचा आकडा महिनाभरात हललेला नाही, म्हणजे सात कुटुंबे राहतात. देखभाल वर्गणी महिना पाचशे रुपये आहे आणि तीही चार घरांची थकलेली आहे. हौद मोजला, बारा हजार लिटरांच्या आसपास भरतो. सात कुटुंबांनाही त्याच हिशेबाने १५ हजार लागतात, तेव्हा टँकर मागवावा लागतो हे तळमजल्यावरच्या बाईंनी न विचारताच सांगितले. शेडच्या बाजूच्या भिंतीवर तिरकी भेग आहे, परंतु ती जुनी असून त्यात रंग गेलेला आहे. काचेची पट्टी लावायला त्या बाईंनी आनंदाने परवानगी दिली. त्यांनाही ते कळायला हवेच आहे.

घराचे सरकारी मूल्य, वयाची घट वजा करून, ३० लाख ४० हजार निघाले. म्हणजे फरक ३ लाख ४० हजारांचा, आणि तो १० टक्क्यांच्या वर जातो. शाखाधिकाऱ्यांनी सांगितले नसते तर हा कर मला पुढच्या वर्षी नोटीस आल्यावरच कळला असता. एका बँकेने जमिनीचे अभिहस्तांतरण झाल्याशिवाय प्रकरण पुढे नेणार नाही असे तोंडी सांगितले. दुसरीने अजून कळवलेले नाही.

जमिनीचा उलगडा मात्र वकिलाच्या आधी घरातच झाला. प्रॉपर्टी कार्डाची प्रत जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. वडिलांनी चष्मा लावून वरचे नाव वाचले आणि म्हणाले, "हे आमच्या शेटजींचे साडू. यांची खतावणी मीच दोन वर्षे लिहिली आहे. हा सगळा प्लॉट ९८ साली तारण होता. फिटला की नाही ते मला ठाऊक नाही." मी विचारले, मग घर पाहिले त्या दिवशी का बोलला नाहीत? त्यावर ते म्हणाले की, आईला घर आवडले होते, आणि एखाद्याच्या खतावणीतले बाहेर सांगायचे नसते. वकिलाच्या शोधात बोजा आजही दिसतो. कर्ज फिटले असून नोंद कमी करायची राहिली आहे, की कर्जच उभे आहे, याचे उत्तर मालकांना देता आले नाही.

त्यामुळे हा व्यवहार आम्ही थांबवला आहे. मालकांना लेखी कळवले आहे की बोजा उतरला आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली तर आम्ही पुन्हा बोलू, पण ती बोलणी २७ लाखांपासून सुरू होणार नाहीत. दरम्यान त्याच्या मागच्या गल्लीत एक तळमजला भाड्याने मिळतो आहे. मालक वरच राहतात, मागे अंगण आहे, स्वतंत्र हौद आहे, आणि शेजारी जो कारखाना आहे तो चालू आहे. दिवसा त्याची खटखट ऐकू येते. आईला ती चालते. मुलीला ती आगगाडी वाटते. 'माहेर कन्ना चौक' यांनी भाड्याच्या घरातल्या कमीपणाबद्दल जे लिहिले ते माझ्या बाबतीत खरे होते. वडिलांच्या बाबतीत नव्हते. त्यांनी फक्त भाडे दर महिन्याच्या किती तारखेला द्यायचे एवढेच विचारले.

निवृत्त शाखाधिकारी

निर्णय योग्य वाटतो. भाड्याचा करार (अनुज्ञप्ती करार) अकरा महिन्यांचा असला तरी आपल्या राज्यात त्याची नोंदणी आवश्यक आहे. मालक 'कशाला उगाच' म्हणतील, तरी ती करून घ्यावी. हौदाचा वापर, अंगणाचा वापर आणि नूतनीकरणाच्या वेळी भाडे किती टक्क्यांनी वाढेल, हे तीन मुद्दे करारातच लिहून ठेवावेत. त्या प्लॉटच्या बोज्याचे उत्तर मालकांकडून येणार नाही. सोसायटीने बँकेला पत्र लिहून थकबाकी नसल्याचा दाखला मागवला तरच ते हलेल. सात कुटुंबांपैकी कोणी पुढाकार घेणार असेल, तर पत्राचा मसुदा करून देण्याची माझी तयारी आहे.

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. मूल्यांककांच्या अहवालांत अशी नोंद मला कधी सापडली नाही.

दिवाणजीपुत्र

नमस्कार सांगितला. पत्राच्या मसुद्याविषयी तळमजल्यावरच्या बाईंना कळवले आहे. त्या आपल्याला स्वतंत्र संदेश पाठवतील. करार येत्या सोमवारी नोंदवतो आहोत. सामान गुरुवारी हलवायचे असे वडिलांनी ठरवले आहे, कारण त्या गल्लीत या खेपेचे पाणी बुधवारी रात्री येणार आहे.